दिलासा आणि धक्का : एका निकालाच्या बातम्यांचे वाचन

११ मे २०२३ च्या संध्याकाळी आमच्या गावातल्या वाचनालयात दोन निवृत्त शिक्षकांचे चांगलेच वाजले. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी दिला होता. एका गुरुजींचे म्हणणे, ठाकरे जिंकले. दुसऱ्यांचे म्हणणे, शिंदे जिंकले. दोघेही दुपारपासून टीव्हीसमोर बसलेले होते. वाहिन्या तेवढ्या वेगळ्या होत्या. मी राज्यशास्त्र शिकवत असे, म्हणून निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले. ‘‘निकाल वाचल्याशिवाय मला सांगता येणार नाही,’’ असे मी म्हणताच थोरले गुरुजी हसले. ‘‘अहो, आता वाचायचा कशाला? लागला की तो!’’

त्या वाक्याने मला जागे केले, असेच म्हणावे लागेल. मीसुद्धा जवळजवळ वर्षभर ही बातमी मोठ्या चवीने पाहत आलो होतो. सुरतेचे हॉटेल, गुवाहाटीचे हॉटेल, गोव्याचा मुक्काम हे सगळे मला तोंडपाठ होते. मात्र ज्या कायद्यावर हे प्रकरण उभे होते, त्याबद्दल बातम्यांनी मला काय सांगितले, हे आठवायला गेलो तर हाती फारसे काही लागेना. पुढच्या काही दिवसांत मी १४१ पानांचा तो निकाल वाचून काढला आणि वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या जुन्या चळती पुन्हा चाळल्या. हा लेख त्या वाचनातून आला आहे. कोणती वाहिनी कोणाची आणि कोणते दैनिक कोणाच्या खिशात, याची यादी येथे नाही. ती यादी प्रत्येक वाचकाकडे तयारच असते आणि ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे ती बदलते. मला शोध घ्यायचा आहे तो या याद्यांमध्ये न सापडणाऱ्या पक्षपाताचा.

सदतीसचा आकडा

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेचे मतदान झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतेला गेले. पुढचे दहा दिवस मराठी माणसाच्या घरात एक आकडा घुमत राहिला : सदतीस. शिवसेनेचे ५६ आमदार निवडून आले होते. एकाचे निधन झाल्याने ५५ उरले होते. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. एवढे जमले की पक्षांतरबंदीचा कायदा लागू होणार नाही, असा समज बातम्यांमधून पसरला. पडद्याच्या कोपऱ्यात आमदारांची संख्या क्रिकेटच्या धावफलकासारखी वाढत होती.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. संविधानाची दहावी अनुसूची १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. तिच्या तिसऱ्या परिच्छेदात, विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य ‘फूट’ म्हणून बाहेर पडले तर त्यांना संरक्षण होते. या सवलतीने घाऊक पक्षांतराला वाटच करून दिली, म्हणून २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने तो परिच्छेद काढून टाकण्यात आला. उरला तो चौथा परिच्छेद. त्यात दोन तृतीयांशाचा उल्लेख आहे, पण तो विलीनीकरणाच्या संदर्भात. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होतो आणि त्याला दोन तृतीयांश आमदारांची संमती असते, तेव्हाची ही तरतूद आहे. शिंदे आणि त्यांचे सहकारी कोणत्याही पक्षात विलीन झाले नव्हते. आम्हीच शिवसेना, असे ते म्हणत होते. त्यामुळे नुसता ३७ हा आकडा गाठल्याने त्यांना कायद्याचे कवच मिळत नव्हते. ‘फूट’ हा बचाव आता उपलब्ध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने या निकालात स्पष्टपणे नोंदवले.

त्या दहा दिवसांत हे कोणीच सांगितले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायद्याच्या जाणकारांनी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर लेख लिहिले, चर्चेतही काहींनी हा मुद्दा मांडला. परंतु तो ‘एक मत’ म्हणून आला. धावफलक मात्र ‘माहिती’ म्हणून चोवीस तास चालू राहिला. तज्ज्ञाचे बोलणे संपायच्या आत खालच्या पट्टीवर आणखी दोन आमदार गुवाहाटीला पोहोचत. ज्या आकड्याला कायद्यात निर्णायक स्थान नव्हते, तो अशा रीतीने लोकांच्या मनात निर्णायक झाला.

या आकड्याने कोणाचे भले झाले? त्या क्षणी ज्याच्याकडे माणसे जमत होती, त्याचे. पण १९७८ मध्ये, १९९१ मध्ये किंवा २०१९ मध्येही हाच आकड्यांचा न्याय लावला असता तर लाभार्थी वेगळे निघाले असते. सनसनाटीचा पक्षपात पक्ष पाहत नाही. जो जिंकताना दिसतो, त्याच्या बाजूने तो उभा राहतो. एखाद्या वाहिनीचा मालक कोण हे शोधून या पक्षपाताचा थांग लागत नाही, तो यामुळेच.

झाडी, डोंगार आणि पूर

त्याच काळात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे फोनवरचे संभाषण बाहेर आले आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ हे शब्द घरोघर पोहोचले. मीही हसलो. माणदेशी बोलीतला तो मोकळेपणा कोणालाही आवडावा असाच होता. त्यावर गाणी झाली, मुलाखती झाल्या आणि बापू रातोरात लोकप्रिय झाले.

वर्षभराने जुनी पाने चाळताना मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली गोष्ट गुवाहाटीची. जून २०२२ मध्ये आसामात भीषण पूर आला होता. सिलचर शहर पाण्याखाली होते आणि राज्यातील लाखो लोकांना त्याचा फटका बसला होता. आपल्याकडचे प्रतिनिधी त्याच राज्याच्या राजधानीत ठाण मांडून होते आणि त्यांचे कॅमेरे हॉटेलच्या फाटकावर रोखलेले होते. पुराची बातमी आपल्याकडे आलीच नाही असे नाही. परंतु फाटकातून आत जाणाऱ्या बसला जेवढी जागा मिळाली, तेवढी बुडालेल्या शहराला मिळाली नाही.

दुसरी गोष्ट सांगोल्याची. हा पर्जन्यछायेतला, पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडणारा तालुका. गणपतराव देशमुख यांच्यासारखा नेता येथून अकरा वेळा निवडून आला. २०१९ मध्ये बापूंचा विजय हजारापेक्षाही कमी मतांनी झाला होता. इतक्या अटीतटीने दिलेल्या मताचे पुढे काय झाले, हे सांगोल्याच्या मतदाराला विचारणे ही त्या वेळची सर्वांत साधी बातमी होती. आमदाराने ज्या झाडीचे वर्णन केले ती झाडी ज्या मतदारांच्या नशिबी नाही, त्यांना या सगळ्याबद्दल काय वाटते? असे वार्तांकन कोठे झालेच असेल तर ते विनोदाच्या गदारोळात हरवून गेले. विनोदाने राजकारणाला माणूसपण येते हे खरे. मात्र तोच विनोद सारखा वाजवत राहिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच रसभंग करणारा ठरवले जाते.

‘पहाट’ या शब्दाची कथा

शब्द कसे घडतात याचे याहून नेमके उदाहरण २०१९ चे आहे. २२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी मुंबईत नेहरू सेंटरमध्ये तीन पक्षांची बैठक झाली आणि मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचे शरद पवारांनी सांगितले. दुसऱ्या दिवशीचे अंक तीच बातमी घेऊन लोकांच्या दारात पडले आणि चहा होईपर्यंत टीव्हीवर देवेंद्र फडणवीस व अजित पवार शपथ घेताना दिसले. वर्तमानपत्रांची फजिती झाली म्हणून लोक हसले. मला त्यात वर्तमानपत्रांचा दोष दिसत नाही. रात्रीपर्यंत जे घडले ते त्यांनी छापले. तो बातमीदारीचा धर्मच आहे.

माझे लक्ष वेधले ते त्यानंतरच्या शब्दाने. त्या घटनेला ‘पहाटेचा शपथविधी’ हे नाव पडले आणि ते आजही टिकून आहे. वास्तविक राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांची. शपथविधी झाला तो आठाच्या सुमारास, ऊन आल्यावर. पहाटे घडली ती दुसरीच गोष्ट होती. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता, कामकाज नियमावलीतील नियम १२ खालील पंतप्रधानांचा विशेषाधिकार वापरून राष्ट्रपती राजवट उठवण्याची शिफारस करण्यात आली होती. घटनात्मक प्रश्न होता तो हा. नियम १२ चा उल्लेख बातम्यांत आला. परंतु ‘पहाट’ या शब्दातले गूढ त्यात नव्हते. परिणामी अधिसूचनेची पहाट शपथविधीला चिकटली आणि अधिसूचना विस्मरणात गेली. त्यानंतर आपण वर्षानुवर्षे विचारत राहिलो की काकांना ठाऊक होते की नव्हते. नियम १२ अशा कामासाठी वापरावा का, हे विचारणारे थोडेच उरले.

२०२२ मध्ये शब्दांची हीच ओढाताण पुन्हा झाली. एक बाजू ‘गद्दारी’ म्हणत होती, दुसरी ‘उठाव’ आणि माध्यमांनी ‘बंड’ हा मधला शब्द घेतला. तो तटस्थ वाटतो, पण आहे का? मराठीत ‘बंड’ या शब्दाला शौर्याची किनार आहे. बंडखोर एकटा असतो, बलाढ्य सत्तेशी झुंजतो. दहाव्या अनुसूचीतला प्रश्न मात्र कोरडा आहे : सदस्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले काय, किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान केले काय? बंड, उठाव आणि गद्दारी या तिन्ही शब्दांत नाट्य आहे, म्हणून तिन्ही चालले. कोरडा प्रश्न चालला नाही.

एकशे एक्केचाळीस पाने

आता मूळ निकालाकडे येतो. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो एकमताने दिला. घटनापीठाच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले होते आणि पहिल्याच दिवशी जी प्रकरणे लोकांना पाहता आली, त्यांत हेही होते. नागरिकाला न्यायालयात बसल्यासारखे ऐकण्याची अशी संधी पूर्वी कधी मिळाली नव्हती. आपल्या वाट्याला त्यातले आले काय, तर न्यायमूर्तींनी वकिलाला विचारलेला एखादा अडचणीचा प्रश्न आणि त्यावर मथळा : अमुक गटाला धक्का. प्रश्न विचारणे म्हणजे मत देणे नव्हे, हे न्यायालयात एकदा बसलेल्या माणसालाही कळते.

निकालात काय होते? राज्यपालांनी ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगणे समर्थनीय नव्हते. त्यांच्यासमोर तसे वस्तुनिष्ठ कारण नव्हते. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून अध्यक्षांनी भरत गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा. मात्र ठाकरे विश्वासदर्शक ठरावाला सामोरे न जाता राजीनामा देऊन मोकळे झाले, म्हणून त्यांचे सरकार परत आणता येत नाही. ठाकरे पायउतार झाल्यावर राज्यपालांनी शिंदे यांना पाचारण केले ते योग्यच. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी ‘वाजवी मुदतीत’ घ्यावा. आणि नबाम रेबिया प्रकरणातला मुद्दा सात न्यायमूर्तींकडे जावा. अध्यक्षांना हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना त्यांना अपात्रतेवर निर्णय घेता येतो का, असा तो मुद्दा आहे.

म्हणजे आमच्या वाचनालयातल्या दोन्ही गुरुजींचे म्हणणे खरे होते आणि दोन्ही गुरुजी चुकलेही होते. ज्याची कृती चुकीची ठरली त्याचे काही गेले नाही. ज्याच्याबाबत चूक झाली त्याला काही मिळाले नाही. या विचित्र अवस्थेचा अर्थ काय, यावर महाराष्ट्रात घराघरांत चर्चा व्हायला हवी होती. न्यायालयाच्या भूमिकेवर टीकाही होऊ शकली असती, समर्थनही. पण ‘दिलासा’ आणि ‘धक्का’ या दोन खणांच्या पेटीत असा निकाल मावत नाही. म्हणून त्याचे तुकडे करण्यात आले. एका वाहिनीने राज्यपालांवरचे ताशेरे उचलले, दुसरीने सरकार वाचल्याचे उचलले. प्रत्येक तुकडा खरा होता. तुकडे खरे असूनही चित्र खोटे ठरू शकते, हे मला त्या दिवशी नव्याने कळले.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द कोणाच्या लक्षातच आले नाहीत : ‘वाजवी मुदत’. मणिपूरच्या एका प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली होती. येथे मेनंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. १८ सप्टेंबरला न्यायालयाने अध्यक्षांना वेळापत्रक आखायला सांगितले. ३० ऑक्टोबरला ३१ डिसेंबरची मुदत ठरवून दिली. ती पुढे १० जानेवारी २०२४ पर्यंत वाढवावी लागली. अखेर १० जानेवारीला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला : शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीही अपात्र नाही. विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरले नव्हते.

या दीड वर्षातली सर्वांत मोठी राजकीय घटना कोणती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन : निर्णय न होणे. परंतु न घडलेल्या गोष्टीला ‘आताची मोठी बातमी’ म्हणता येत नाही. ‘आज सलग शंभराव्या दिवशीही निर्णय झाला नाही’ ही ओळ कोणी पट्टीवर चालवत नाही. ज्या बातमीदारीला सतत घटना लागते, ती विलंबापुढे आंधळी असते. आणि विलंब ज्याच्या सोयीचा, त्याची ती नकळत चाकरी करते. पैसे घेऊन छापलेल्या बातमीपेक्षा हा पक्षपात पकडायला अवघड आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतल्या ‘पेड न्यूज’चा छडा पी. साईनाथ यांना लावता आला, कारण वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन्‌शब्द सारखा मजकूर छापून आला होता. कागदावर पुरावा होता. न छापलेल्या बातमीचे कात्रण कोठून आणायचे?

बाजू घेणे आणि बाजू चोरणे

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मराठी पत्रकारिता तटस्थ होती कधी? ‘केसरी’ तटस्थ नव्हता, ‘सुधारक’ तटस्थ नव्हता आणि अत्र्यांचा ‘मराठा’ तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठीच जन्मला होता. मला हे मान्य आहे. उलट मी म्हणेन, बाजू घेणे हा दोष नाहीच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे होते. परस्परांवरची त्यांची टीका जिव्हारी लागणारी होती. पण वाद कशाचा आहे हे वाचकाला ठाऊक होते : वयाची मर्यादा दहावरून बारा करावी का, आणि परक्या सरकारने ती करावी का. दोन्ही पत्रे वाचणारा माणूस शेवटी कोणत्याही बाजूला गेला तरी प्रश्न घेऊन जात असे.

आज बाजू लपवलेली असते आणि प्रश्नही दिसत नाही. दोन प्रवक्ते, चार चौकटी, मध्ये ओरडणारा निवेदक. दोन्ही बाजूंना समान वेळ दिला म्हणजे समतोल साधला, अशी समजूत आहे. समान वेळ दोन आरोपांना मिळतो. कायद्याचे कलम हा तिसरा पक्ष असतो आणि त्याला खुर्ची नसते.

बातमीदारांना मी दोष देऊ इच्छित नाही. हॉटेलच्या फाटकाशी रात्र काढणाऱ्या तरुण मुलांची मेहनत मी पाहिली आहे. ते तेथे नसते तर आमदार कोठे आहेत हेही आपल्याला कळले नसते. चोवीस तास भरून काढायचे, शेजारच्या वाहिनीच्या आधी सांगायचे, प्रेक्षकसंख्येच्या आकड्यावर जाहिराती मिळवायच्या, या चरकात १४१ पाने वाचायला सवड मिळत नाही. आणि प्रेक्षकसंख्या म्हणजे कोण? मी. कलमाचा अर्थ सांगणारा वकील पडद्यावर आला की रिमोटकडे जाणारा हात माझाच होता.

वाचनालयातल्या त्या भांडणानंतर आठवडाभराने मी निकालातले मुद्दे मराठीत एका कागदावर उतरवून नेले. दोन्ही गुरुजींनी ते शांतपणे वाचले. थोरले गुरुजी म्हणाले, ‘‘म्हणजे चूक झाली, पण दुरुस्त होणार नाही. असंच ना?’’ मी हो म्हटले. धाकटे गुरुजी कागद घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, ‘‘मग हे आम्हाला त्याच दिवशी कोणी का नाही सांगितलं?’’ दोघांची मते त्यानंतरही बदलली नाहीत. निवडणुकीत त्यांनी आपापल्या पक्षालाच मत दिले असणार. पण त्या दिवशी ते भांडले नाहीत. राज्यपालांनी कधी बोलवावे, अध्यक्षांनी किती दिवस थांबावे, यावर तासभर बोलत राहिले. राजकीय बातमीकडून माझी अपेक्षा एवढीच आहे : माणसांनी कोणाच्या बाजूने भांडायचे ते तिने ठरवू नये, कशावरून भांडायचे ते मात्र नीट सांगावे.